मुहूर्ताची भट्टी

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या पितळेच्या कारखान्यात भट्टीचं आतलं मातीचं लायनिंग तडकलं की शेठ एका वास्तुवाल्याला बोलवायचे. हा गृहस्थ नाकाला रुमाल लावून दारातूनच होकायंत्र फिरवायचा. भट्टीजवळ कधी फिरकला नाही. पांढरी सफारी मळली असती ना! एकदा तर त्यानं नवं लायनिंग पेटवायचा मुहूर्तच काढून दिला. मी म्हटलं, "शेठ, अजून ओलं आहे. आधी मंद आचेवर सुकू द्या, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटेल."

वास्तुवाला हसला. "मुहूर्त काय तुमच्यासाठी थांबणार?"

ओल्या लायनिंगला कुठलं पंचांग कळायला! नारळ फुटला, बर्नर फुल सोडला आणि थोड्या वेळात लायनिंगही फुटलं.

"बघा," तो शांतपणे म्हणाला, "दोष बाहेर पडला."

आणि शेठ? त्यांनी हात जोडून विचारलं, "महाराज, पुढचा मुहूर्त कधीचा?"