ढोलेकाकांच्या परसातलं उत्खनन

बोरगाव मेघेतल्या आमच्या लेआउटमध्ये आजवर ऐतिहासिक असं काहीही घडलेलं नाही. एकदाच घडलं, ते मी घडवलं, आणि त्यानंतर बरेच दिवस लोक नाकाला रुमाल लावून आमच्या घरावरून जात होते.

मी वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. (मुलं तो शिकतात, असा माझा दावा नाही.) आमचा लेआउट म्हणजे पूर्वीचं कापसाचं शेत. मालकाने प्लॉट पाडले आणि त्यावर आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली. शहर आम्हाला गावात मोजतं, गाव आम्हाला शहरात मोजतं, आणि नळ दोघांचंही ऐकून गप्प बसतो. उन्हाळ्यात तर तो कधी येईल हे पंचांगातही सापडत नाही.

या उन्हाळ्यात पाण्यासाठी मारुतीच्या पारावर बैठक भरली. सगळ्यांनी सगळ्यांना शिव्या घालून झाल्यावर कुणीतरी म्हणालं की या शेतात पूर्वी एक विहीर होती, ऐन वैशाखातही न आटणारी. प्लॉट पाडताना ती बुजवली. ती सापडली तर उपसून मोटर टाकता येईल. पण नेमकी कुठे होती, हे कुणालाच आठवेना. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. इतिहासाचा माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचं, असा एकूण सूर होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या विषयाची कुणाला तरी गरज पडली होती. मी लगेच हो म्हणालो.

काम सोपं होतं. लेआउटमध्ये सगळ्यात आधी घर बांधलं ते माझ्या बाबांनी. एसटीत ड्रायव्हर होते, देवळीची गाडी चालवायचे, आणि शेताच्या मालकाशी सौदा करताना त्यांनी ती विहीर डोळ्यांनी पाहिली होती. मी घरी येऊन त्यांना विचारलं. बाबांनी हातातला पेपर बाजूला न करता तो तसाच शेजारच्या ढोलेकाकांच्या घराच्या दिशेने हलवला.

"तिकडं असन कुठं तरी," ते म्हणाले. "राहू दे ना बाप्पा. बुजली ते बुजली."

मी खोदून विचारलं, तर त्यांनी उन्हाचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर त्यांना अचानक औषधाची आठवण झाली. मला काळजी वाटायला लागली. बाबा हल्ली चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत फिरतात, आणि नागपूरची बहीण फोनवर सारखी म्हणत असते की दादा, बाबांना एकदा डॉक्टरला दाखव. माणसाला जमिनीतली विहीर आठवेनाशी झाली म्हणजे प्रकरण पुढे गेलं, असं मला वाटलं. आणि विहीर बाबांनी दाखवलेल्या दिशेलाच निघाली तर त्यांची आठवण शाबूत आहे हे सिद्ध होईल, असंही वाटलं. म्हणजे मी पाणी, इतिहास आणि बाप, तिन्ही एकाच खड्ड्यातून वर काढणार होतो.

ढोलेकाकांची आणि आमची परसं लागून आहेत. मध्ये भिंत नाही, नुसती मेंदी आहे. आपल्या जागेत विहीर निघणार म्हटल्यावर काकांची छाती रुंद झाली. ते म्हणाले, "खंदा ना सर, विचारता काऊन? फक्त मोटर बसली का बोर्डावर माह्यं नाव पाह्यजे." (काकांनी ते घर बांधलेलं नव्हतं, कुणाकडून तरी तयार विकत घेतलं होतं. हा तपशील मला माहीत होता. इतिहासकाराने त्यावरून काय निष्कर्ष काढायला हवा होता, ते पुढे येईलच.)

त्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नालीचं काम चालू होतं आणि तिथे एक जेसीबी उभा होता. ऑपरेटरला मी चहा पाजला. तो रविवारी दुपारी जरा वेळ काढतो म्हणाला. ही बातमी मी घरी आनंदाने सांगितली, तेव्हा माझ्या बायकोने, वंदनाने, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. रविवारी ढोल्यांच्या प्राजक्ताला बघायला देवळीचे पाहुणे येणार होते. आधीची स्थळं काही ना काही कारणाने पुढे सरकली नव्हती, आणि काकूंनी या स्थळावर फार जीव लावला होता. वंदना म्हणाली की एक रविवार थांबा. मी तिला समजावलं की पाहुणे चार वाजता येणार म्हणजे साडेपाचला येणार, तोवर विहीर सापडून वर माती सारखीसुद्धा होईल.

रविवारी बाबा सकाळीच कटिंगला जातो म्हणून बाहेर पडले. त्यांची कटिंग आदल्याच आठवड्यात झाली होती. मी मनात म्हटलं, बघा, हेही विसरले.

जेसीबी मेंदीचा चुराडा करत परसात शिरला. बाबांचा पेपर ज्या दिशेला हलला होता, तिथे मी चुन्याने एक गोल आखून ठेवला होता. ऑपरेटर खाली वाकून म्हणाला, "सर, खाली काई पाइप, टाकी वगैरे नाई ना?"

मी म्हणालो, "खाली फक्त इतिहास आहे."

त्याने फावडं टाकलं. माती निघाली, मग मुरूम निघाला, मग ठण्ण असा आवाज झाला. मी हात वर करून ओरडलो की हेच विहिरीचं बांधकाम. ढोलेकाकांनी मारुतीच्या दिशेने हात जोडले. ऑपरेटरने पुन्हा जोर लावला. फरशी दुभंगली आणि आतून जे वर आलं, ते पाणी नव्हतं.

ती संडासाची टाकी होती. (आमच्याकडे तिला सेफ्टी टँक म्हणतात. त्यात सेफ्टी किती असते ते त्या दिवशी कळलं.) काकांनी घर घेतल्यापासून ती एकदाही उपसलेली नव्हती, कारण ती कुठे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. आता ते सगळ्या लेआउटला माहीत झालं. पटापट खिडक्या लागल्या. पारावरची कुत्री उठून दुसऱ्या लेआउटला गेली.

आणि नेमक्या त्याच क्षणी पाहुण्यांची गाडी गल्लीत वळली. वर्धा जिल्ह्यात पाहुणे वेळेआधी येण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा. ऑपरेटर आधीच घाबरलेला. परसातून निघून तो गल्लीच्या तोंडाकडे पळायला बघत होता. गाडीला जागा द्यायला त्याने जेसीबी कडेला घेतला, गाडी आत आली, आणि जेसीबीचं मागचं चाक त्यानेच सकाळी खोदलेल्या नालीत गेलं. ते धूड गल्लीच्या तोंडाशी आडवं कलंडून बसलं. म्हणजे पाहुणे आत आले होते आणि आता बाहेर जाऊ शकत नव्हते.

गाडीतून मुलगा उतरला, त्याची आई उतरली, आणि काठी टेकत त्याचे आबाजी, म्हणजे आजोबा उतरले. तिघांचेही हात एकदमच नाकाकडे गेले. समोर प्राजक्ता होती. तिने नवी साडी खोचून घेतली होती, नाकावर टॉवेल बांधला होता, हातात फिनाइलची बाटली होती आणि ती मला झाडत होती.

"तुमाले आजचाच दिवस भेटला का, सर? विहीर शोधून राह्यले! आता हेच पाणी टाका पोह्यात."

मुलाच्या आईने हळूच विचारलं की हीच का मुलगी. काकू रडायच्या बेतात होत्या. काका टाकीत डोकावून बघत होते, बहुधा उडी मारण्याच्या विचाराने. मी पुढे होऊन म्हणालो की दोष सगळा माझा आहे. हे सांगायची गरज नव्हती. माझा पायजमाच ते गुडघ्यापर्यंत सांगत होता.

वंदनाने परिस्थिती हातात घेतली. ढोल्यांच्या बैठकीत बसणं शक्यच नव्हतं. आमचं घर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणून सगळा कार्यक्रम आमच्याकडे हलवला. मला बाहेरच्या नळाखाली धुवायला पाठवलं (नळाला पाणी नव्हतं, म्हणून ड्रममधल्या शेवटच्या बादलीत). उदबत्तीचा अख्खा पुडा लावला, धूप घातला, कोनाड्यातलं माझं अत्तर संपवलं. वास गेला नाही, त्याला सोबत मिळाली. प्राजक्ता आमच्या स्वयंपाकघरात माझ्या आईच्या हाताखाली पोहे करायला लागली, आणि मी बैठकीच्या दाराशी अपराध्यासारखा उभा राहिलो.

बोलणं काही जमेना. मुलगा चपलांकडे बघत होता. तेवढ्यात बाबा परत आले. केस होते तेवढेच होते. बैठकीत पाहुणे आणि बाहेर कलंडलेला जेसीबी पाहून त्यांनी काहीही न विचारता कोपऱ्यातली खुर्ची धरली.

शेवटी आबाजींनीच मला विचारलं की हा खटाटोप कशासाठी. मी विहिरीची सगळी हकिकत सांगितली. म्हातारा हसायला लागला. लहानपणी ते बापाबरोबर कापसाच्या बैलबंड्या घेऊन देवळीहून वर्ध्याला यायचे, तेव्हा बैलांना पाणी पाजायला याच शेतात थांबायचे. कडुलिंबाखाली बैल सोडायचे आणि बाजूच्या विहिरीचं पाणी काढायचे. इतकं गोड पाणी त्यांनी नंतर कुठेच प्यायलं नव्हतं.

"लिंब आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

लिंब होता. आमच्याच घरामागे. आबाजी उठले. त्यांच्यामागे मुलगा, मुलाच्या मागे आम्ही. बाबा तेवढे खुर्चीत बसून राहिले. आबाजींनी लिंबाच्या बुंध्याला हात लावला. बैल कुठे उभे असायचे, मोट कुठल्या बाजूला होती, हे त्यांनी काठीने हवेतच दाखवलं. मग ती काठी तशीच समोर धरून ते चालायला लागले, मागच्या दाराने आत शिरले आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यासमोरच्या फरशीवर त्यांनी काठी टेकवली.

"हे. इथं होती."

कढईत मोहरी तडतडत होती. आई हातातला झारा घेऊन बैठकीच्या दाराकडे बघत होती. दारात आता बाबा येऊन उभे राहिले होते.

"तुमाले माईत होतं?" आईने विचारलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि मग सांगून टाकलं. बुजवलेल्या विहिरीवर घर बांधू नये, असं आईच्या माहेरी फार मानायचे. पण दुसरा कुठलाच प्लॉट त्यांच्या आवाक्यात नव्हता. म्हणून त्यांनी तिला विहीर शेजारच्या प्लॉटमध्ये होती असं सांगितलं, आणि पुढे जो विचारेल त्याला तेच सांगत राहिले.

"खरं सांगतलं असतं तर तू राहाले आली असती का इथं?" बाबा म्हणाले.

म्हणजे बाबा काहीही विसरले नव्हते. उलट खोटं कुठल्या दिशेला सांगितलं होतं, तेही त्यांना इतक्या वर्षांनी नीट आठवत होतं.

आई फरशीकडे बघत राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्याच जागी उभी राहून स्वयंपाक करत आली होती. मग ती सावकाश म्हणाली, "डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन चौकातल्या नळावर जात होती मी. उन्हातान्हात. अन् इहीर माह्या पायाखाली."

पहिल्यांदा हसली ती प्राजक्ता. तिने तोंडावर पदर धरला, पण हसू काही थांबेना. मग मुलगा हसला. दोघांची नजरानजर झाली आणि दोघंही आणखीच हसायला लागले. आबाजी आईला म्हणाले की बाई, माणसाने खोटं बोलून का होईना, तुम्हाला गोड पाण्यावर आणून ठेवलं. आईच्या चेहऱ्यावरची रेष हलली. पण त्या संध्याकाळी बाबांना पोहे मिळाले नाहीत, हे मी पाहिलं.

नालीतून जेसीबी काढायला दुसरा जेसीबी आणावा लागला, आणि तो येईस्तोवर अंधार पडला. पाहुणे तोवर अडकलेले, म्हणून वंदनाने पिठलं-भाकरी टाकली. एवढा वेळ एकत्र बसल्यावर माणसं जे लपवून ठेवतात ते सगळं बाहेर येतंच. (ढोल्यांच्या बाबतीत लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.) निघताना मुलाच्या आईने काकूंना सांगितलं की मुलगी स्पष्ट बोलते, आमच्या घरात असं बोलणारं कुणीतरी हवंच होतं. आठवड्याच्या आत होकार आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ओट्यासमोरच्या फरशीला हळद-कुंकू वाहिलं. बाबा लांबून बघत होते. ती त्यांना म्हणाली, "आधी सांगतलं असतं तर रोज पाया पडली असती मी. भांडली असती, पण आलीच असती." बाबांनी स्वतःचा चहा स्वतः करून घेतला. गेल्या कित्येक वर्षांत हा चमत्कार घडला नव्हता. विहीर उकरायची तर स्वयंपाकघर पाडावं लागेल, म्हणून ती आहे तिथेच आहे. टाकीची फरशी मी नवी घालून दिली. पारावरच्या बैठकीला अजूनही लोक जमतात आणि पाण्यावरून भांडतात, पण आता मला कुणी काही विचारत नाही.

प्राजक्ताचं लग्न देवळीला झालं. मांडवात ढोलेकाकांनी माझा हात धरून मला वरपक्षाच्या पुढे उभं केलं आणि हे आमचे शेजारी, इतिहासाचे सर, अशी ओळख करून दिली. जेवणं झाल्यावर मुलाचे एक मामा मला बाजूला घेऊन गेले. आवाज खाली आणून ते म्हणाले की सर, आमच्याही घरच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते सापडत नाही. तुम्ही एखाद्या रविवारी येऊन जागा दाखवाल का? न्यायला गाडी पाठवतो.

इतकी वर्षं मी इतिहास शिकवतो आहे. माझ्या ज्ञानासाठी कुणी घरी गाडी पाठवण्याची ही पहिलीच वेळ होती. मी गेलो.