होडीवाली

धरणाचं पाणी वाढलं की ती वस्ती बेट होते. मी तिथली नर्स. मला नेणारी होडीवाली बोलतानाही नजर पाण्यावरच ठेवायची. वारं सुटलं, की धक्क्याला होडी बांधून म्हणायची, "न्हाई जायचं." सरपंचांनाही तेच.

एकदा मी वस्तीवर असताना भर वाऱ्यात तिथल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. होडीवालीनं आपणहून दोर सोडला. सासू चढू लागली, तिला थांबवलं. "वजन वाढंल. सिस्टर, तुमी पोरीला धरा, मी पान्याचं बघते."

पलीकडे सुनेला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं, तेव्हा मला होडीवालीचे सोललेले तळहात दिसले. मी पिशवीतून पट्टी काढली.

"ऱ्हाऊ द्या. आदी सासूला फोन लावा. पान्याकडं बघत बसली आसंल."