शरिफा पठाणच्या अकरा उड्या

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवणारा एक कारखाना आहे. शरिफा पठाण तिथे सहा वर्षं मशीनवर होती. तिच्या हातची शिवण सरळ असायची आणि तपासणीत तिचा माल कधी परत आला नाही, एवढीच तिची कारखान्यात ओळख. नवरा फैयाज टेम्पो चालवायचा. मुलगी अलिझा नुकतीच शाळेत जायला लागली होती.

२०१८ साली गावापासून सात-आठ किलोमीटरवरच्या माळावर विमानातून उड्या मारण्याचा कँप सुरू झाला. कुणा उद्योगपतीने स्वतःच्या विमानासाठी बांधलेली धावपट्टी तिथे पडून होती. ती पुण्याच्या एका कंपनीने चालवायला घेतली. शनिवार-रविवारी शहरातली पोरं-पोरी यायची आणि एका लहान विमानात बसून दहा हजार फुटांवर जायची. तिथून शिकवणाऱ्याच्या छातीला पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत ती खाली पडायची. गावातले लोक पहिले दोन महिने बघायला गेले, नंतर कुणी मान वर करेना.

कँपचा मुख्य शिक्षक रविराज कडू हा कोल्हारचा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आठशेच्या वर उड्या मारलेला माणूस. पॅराशूटला तो सैन्यातल्या सवयीने छत्रीच म्हणायचा. छत्र्यांची किरकोळ शिवण उसवायची, तिच्यासाठी तो चांगला हात शोधत होता. कँपच्या जीपवर भीमा म्हणून सुप्याचाच ड्रायव्हर होता, त्याने शरिफाचं नाव सांगितलं. ती सुट्टीच्या दिवशी गेली, एका पट्ट्याची शिवण उलटसुलट बघितली आणि म्हणाली की ही आधीच चुकीची घातली आहे, सगळीच काढावी लागेल. रविराजने त्याच दिवशी तिला कामावर घेतलं.

शिवणीवरून ती घडीवर आली. उडी मारून माणूस खाली आला की त्याची छत्री ताडपत्रीवर पसरायची, एकेक दोरी हाताने चाचपत शेवटपर्यंत जायची, कापडाचे कप्पे मोजत सारखे करायचे, गुडघ्यांनी दाबून त्यातली हवा काढायची आणि ते सगळं एका दप्तराएवढ्या पिशवीत बसवायचं. घडी नीट नसेल तर वर गेल्यावर छत्री नीट उघडत नाही. रविराजने तिला सहा महिने फक्त घड्या घालायला लावल्या आणि त्या स्वतः उलगडून बघितल्या. सातव्या महिन्यात त्याने स्वतःची छत्री तिच्यासमोर टाकली. ती घडी त्याने उलगडून बघितली नाही. तशीच पाठीवर चढवली आणि विमानाकडे गेला. शरिफा त्या दिवशी तो खाली येईपर्यंत उन्हात उभी होती.

तिची पहिली उडी रविराजच्या आग्रहाने झाली. त्याचं म्हणणं होतं की जी घडी घालते तिला वर काय होतं ते कळलं पाहिजे. फैयाजला तिने आधी विचारलं, सासूला नंतर सांगितलं. फैयाज टेम्पो घेऊन बघायला आला होता. खाली आल्यावर ती हसत होती. फैयाजने विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, दार उघडलं तेव्हा वाटली, मग वेळच मिळाला नाही.

त्यानंतर तिने एकटीने उडी मारायचं शिकून घेतलं. दहा वेळा ती चार हजार फुटांवरून एकटी उतरली. म्हणजे एकूण अकरा. त्या तिला एकेक करून आठवतात. एकीत नगरकडून आलेलं ढगाचं एक पातळ पुंजकं तिच्या पायाखालून गेलं. एकीत खालची शेततळी, निळ्या प्लास्टिकची, तिने मोजली, तर चव्वेचाळीस भरली. एकीत ती उतरता उतरता पडली आणि घोटा सुजून आठ दिवस घरी बसली.

सगळ्यात आवडती सहावी. सप्टेंबर महिना होता. डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या आणि खाली सगळं हिरवं होतं. वाऱ्याने तिला धावपट्टीच्या पार पलीकडे नेलं आणि ती कुणाच्या तरी उभ्या बाजरीत उतरली. तिथे उंच माळ्यावर बनुबाई नावाची म्हातारी गोफण घेऊन पाखरं राखत बसली होती. ती खाली उतरली, पसरलेल्या कापडाकडे बघितलं, शरिफाकडे बघितलं आणि विचारलं, "कुनाची गं तू?" शरिफाने फैयाजचं नाव सांगितलं. म्हातारीने तिला प्यायला पाणी दिलं आणि मग मोडलेली कणसं वेचायला लावली. पाऊण तासाने भीमा जीप घेऊन शोधत आला, तेव्हा छत्री बांधावर होती आणि शरिफा ओटीत कणसं भरत होती.

रविराजला हा प्रसंग फार आवडायचा. नवीन कुणी आलं की तो तिला तो सांगायला लावायचा. तिला माणसांत मिसळण्याची सवय नव्हती, पण हे सांगताना ती खुलायची. कारखान्याची नोकरी तिने तोवर सोडली होती.

डिसेंबर २०२१ मधला तो रविवार होता. गर्दी होती. शरिफाने सकाळपासून सहा घड्या घातल्या होत्या. साडेअकराच्या सुमाराला अलिझाच्या क्लासमधून फोन आला की पोरीला ताप चढलाय, न्यायला या. शरिफाने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला आणि हात चालू ठेवले. फैयाजला फोन लावून पोरीला आणायला सांगितलं. दोन्ही मिळून चार-पाच मिनिटं गेली असतील.

दुपारी रविराज एकटा उडी मारायला गेला. छत्री उघडली, पण एक दोरी कापडाच्या वरून गेली होती. छत्रीचे मधोमध दोन भाग झाले आणि तो गरगर फिरायला लागला. दोरी सुटते का हे त्याने थोडं बघितलं, मग ती छत्री तोडून टाकली आणि राखीव छत्री उघडली. ती उघडली, पण जमीन फार जवळ आली होती. तो डोंगराच्या उतरणीवर, खडकावर पाठीवर आपटला. जीव वाचला. मणक्याचं हाड मोडलं आणि कमरेखालचं सगळं गेलं.

तोडून टाकलेली छत्री वाऱ्याने वाहत जाऊन दोन डोंगरांपलीकडच्या एका घळीत बाभळीवर अडकली होती. ती सापडायला चार दिवस लागले. तोवर मेंढक्यांनी ती ओढून काढली होती आणि कोकरं बांधायला तिच्या दोऱ्या कापून नेल्या होत्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना ते काय आहे हे माहीतही नव्हतं. पण चौकशीला आलेल्यांच्या हाती फाटकं कापड तेवढं लागलं. दोघे जाणकार आले होते. एकाचं मत पडलं की घडी चुकली असावी. दुसरा म्हणाला की उघडताना शरीर वाकडं असलं तरी असं होतं, आणि कधी कधी काही न चुकताही होतं. अहवालात कारण सांगता येत नाही असं लिहिलं गेलं. शरिफाला कुणी दोष दिला नाही. दोष नाही असंही कुणी सांगितलं नाही. फोनचं तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दोन महिन्यांत कंपनीने कँप गुंडाळला.

शरिफा पुन्हा कारखान्यात गेली. त्यांनी घेतली, कारण तिचा हात त्यांना माहीत होता. पण आता ती शिवलेली शिवण परत बघायची, मग उसवायची, मग घालायची. बाकीच्या बायका चाळीस कव्हरं काढायच्या तिथे तिची बारा व्हायची. सुपरवायझर बाई सोशिक होत्या. त्यांनी तीन महिने वाट बघितली आणि मग तिला बोलावून सांगितलं की मशीनचं काम राहू दे. घरीही तेच. गॅसचं बटण, दाराची कडी, अलिझाच्या दप्तराची चेन, प्रत्येक गोष्ट तीनतीनदा. पोरगी चिडायची. चादरीची घडी घालायचं काम फैयाजने स्वतःकडे घेतलं, कारण शरिफा चादर हातात धरून उभीच राहायची.

शेवटी फैयाजनेच म्हटलं की एकदा कोल्हारला जाऊन भेट, जे काय असेल ते सांगून टाक. अपघाताला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

रविराजचं घर प्रवरेच्या काठाकडे, उसाच्या पट्ट्यात. त्याची बायको रुपाली दारात आली, तिने शरिफाला ओळखलं, आत घेतलं आणि चहा ठेवायला गेली. रविराज खिडकीजवळच्या पलंगावर होता. छाती आणि दंड पूर्वीसारखेच, पांघरुणाखालचे पाय मात्र काठ्यांसारखे झालेले. त्याने अलिझाची चौकशी केली. मग शरिफाने फोनचं सांगितलं. सगळं, न थांबता.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "फोन आला तेव्हा हातात काय हुतं? दोऱ्या का कापड?"

"आठवत न्हाई, सर."

"ती छत्री माझीच हुती का दुसरी?"

"तेबी आठवत न्हाई. सहातल्या पाच मला नीट आठवत्यात. एक न्हाई आठवत."

शरिफाला वाटलं तो आता ओरडेल, आणि तिला ते हवं होतं. किंवा तो म्हणेल की तुझी चूक नव्हती, तेही चाललं असतं.

"ताई, मी हितं पडून रोज ती उडी मारतो," तो म्हणाला. "कधी वाटतं माझा खांदा वाकडा हुता. कधी वाटतं घडी चुकली. तुझी चूक न्हाई असं मी म्हननार न्हाई. हाय असंबी म्हनत न्हाई. मला म्हाईत न्हाई."

रुपालीने चहा आणून ठेवला आणि ती बाहेर गेली. तेव्हा त्याने अचानक शरिफाला बाजरीतली उडी सांगायला लावली. तिने सांगितली. पवनचक्क्या, म्हातारी, कणसं. तो मध्ये हसला नाही, पण डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होता. शरिफाने विचारलं, तुमची कोणती आवडती, सर? आठशेतली एकही आता धड आठवत नाही, तो म्हणाला. कुठलीही आठवायला घेतली, कारगिलकडची बर्फावरची असो की सैन्यात शिकताना आग्र्याला मारलेली पहिली, की तिची शेवटची शंभर सेकंदं त्या खडकाकडेच जातात.

ती उठली तेव्हा तो म्हणाला, "परत येऊ नको, ताई. तू आली की मला परत ती सेकंदं पहिल्यापासनं मोजावी लागतात."

ती गेली नाही. त्याने सांगितलं होतं म्हणून. पुढच्या दोन वर्षांत तिला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचं काम मिळालं. त्यात घडी नव्हती आणि शिवणही नव्हती. गावात भीमा समोरून आला तर ती रस्ता बदलायची, त्यामुळे रविराजची खबर तिला कुणाकडून कळत नव्हती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत भीमाच कँटीनच्या दाराशी आला. रविराज वारला होता. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या भरल्या नाहीत आणि विष अंगात भिनलं. दहावा होऊन चार दिवस झाले होते. भीमाने आधी तिला फोन केला होता, पण तिने उचलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीने कोल्हारला गेली. खिडकीजवळचा पलंग काढून टाकलेला होता. रुपाली गहू निवडत बसली होती. तिने उठून पाणी दिलं आणि परत सुपाशी बसली. मग रुपाली खाली बघतच म्हणाली की एकदा आलात, नंतर दोन वर्षांत फिरकला नाहीत.

"वहिनी, सरच म्हनले हुते, येऊ नको म्हनून."

"ते सगळ्यांनाच म्हणायचे," रुपाली म्हणाली. "भावाला म्हणायचे. भीमाला तर हाकलून दिलं होतं. बाकीचे येत राहिले."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती गव्हातले खडे वेचून बाजूला टाकत होती. शरिफाही सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसून निवडायला लागली. थोड्या वेळाने रुपालीने सांगितलं की शेवटच्या महिन्यात तापात ते काय काय बोलायचे. सैन्यातल्या माणसांची नावं घ्यायचे. माझं नाव घेतलं का, हे शरिफाने विचारलं नाही आणि रुपालीने सांगितलं नाही. गहू संपल्यावर शरिफा उठली.

पाच वाजता ती सुप्याला उतरली. फैयाज स्टँडवर टेम्पो घेऊन थांबला होता. त्याने विचारलं, तेव्हा तिने जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. घराच्या वळणावर आल्यावर तो म्हणाला की पुढच्या महिन्यात आपण दोघं जाऊ, वहिनीला भेटून येऊ. शरिफा म्हणाली, आता कशाला.

ते अजून गेलेले नाहीत.