मोरीने प्यायलेला हंडा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजही तोंडावर हसते. तुम्हीही मला हसा, राग नाही... पण आधी ऐकून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ. आमचं घर पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या थोडं अलीकडे. माहेरच्या विहिरीने तळ गाठलेला, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. बाळंतिणीने पाणी प्यायलं की पोट सुटतं, असं आत्याबाईंचं – म्हणजे माझ्या सासूबाईंचं – ठाम मत. घरात पाण्याचा एकच हंडा, तोही त्यांच्या ताब्यात. मला दिवसाकाठी पेलाभर बाळंतशेपांचं पाणी मिळायचं, बस्स. जीभ टाळूला चिकटायची. दूध आटत चाललं आणि पोर रडून रडून निळी पडायला लागली.

"आत्याबाई, घोटभर तरी द्या हो."

"आमी न्हाई का बाळंत झालो? लई लाड नगंत."

त्यातच खोलीतली मोरी तुंबली. पोरीच्या अंघोळीचं पाणी जागचं हलेना, वास सुटला. संध्याकाळी आमचे हे दुष्काळी कामावर खडी फोडून आले, ते कळकाची कामटी घेऊनच बसले. कामटी भोकातून आरपार – बाहेरच्या चरात टोक दिसलं! मग लोखंडी सळई घातली, तीही आरपार. आत काहीच अडकलेलं नाही... आणि पाणी तसंच. सांगा मला याचं लॉजिक!

"सर बाजूला, तुला न्हाई जमायचं," म्हणत आत्याबाईंनी कोपरापर्यंत हात घातला. घातला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात निघेना. यांनी ओढून पाहिलं, तरी निघेना. शेवटी ती कडक बाई मोरीवर वाकून गयावया करायला लागली.

"सोड गं शांते! देते पानी... देते म्हन्ते न्हवं!"

हात सुटला.

शांता म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्या लग्नाआधी, याच खोलीत, बाळंतपणात गेलेल्या. तापाने गेल्या, एवढंच मला सांगितलं होतं.

आत्याबाईंनी हंडा उचलला आणि मोरीत ओतायला लागल्या.

"अहो, पोरीसाठी तरी ठेवा!" मी ओरडले. कोण ऐकतंय! मोरीतून घट्-घट् आवाज येत होता, तहानलेलं माणूस पितं तसा. हंडा संपला, तुंबलेलं पाणीही गेलं. मोरी कोरडी ठणठणीत. हे दारात उभे राहून बघत होते. आईपुढे यांचं तोंड जन्मात कधी उघडलं नाही, तेव्हाही नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

टँकर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. माझी लेक पहाटेच गेली होती.

गावातल्या बाया मला समजवायच्या, शांताबाई तुझ्यासाठीच आली होती गं, सासूची खोड मोडायला. असेलही. कामटी आरपार जात असताना पाणी कशाने अडलं, आत्याबाईंचा हात कुणी धरला, मला आजही ठाऊक नाही. पण जाऊबाई माझ्यासाठी आल्या होत्या, तर माझ्या लेकीच्या वाट्याचं पाणी त्या का प्याल्या?