घोंगल्याची फट

मनोहर गेल्याची बातमी मला सुपेल्याच्या बाजारात, सायकलच्या दुकानात कळली. त्याच्या मुलाचा, रवीचा फोन. "काका, पापा नहीं रहे..." दुकानदार पंक्चर काढत होता. सायकल तिथंच टाकून मी पायीच कॅम्प-१ला, त्याच्या घरी निघालो.

इथला पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही दोघं भंडाऱ्याकडून आलो आणि एकाच टोळीत फिटर म्हणून लागलो. मनोहरला स्वतःवर भारी भरवसा. काही वाकडं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. शेजाऱ्याची खाट असो की कंदील, विचारणं नाही, थेट दुरुस्ती! बायकोचा, लीलावहिनींचा पोळपाटसुद्धा त्यानं एकदा घासून 'लेव्हल'मध्ये आणला होता.

एकदा खोदकामाच्या कडेला त्याला पंख दुखावलेला करकोचा सापडला. गमछ्यात गुंडाळून त्यानं तो घरी आणला. पक्ष्याची चोच मिटली तरी मधे फट राहायची. भात ठेवला, भिजवलेली पोळी ठेवली, पण पाहुणा शिवेना. त्याची मान खाली पडू लागली तसा मनोहर कासावीस झाला.

"चोच वाकली हाय बे याची. क्रेनचा रस्सा लागला असंल. घास धरंल कसा? तारेनं आवळतो, सरळ होते."

आम्हा फिटर लोकांना फट बघवत नाही. मी चोच धरली, त्यानं तारेचा पहिला वेढा घातला, आणि तेवढ्यात लीलावहिनी दारात. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, ओटीत गोगलगायी.

"अवो, तार काढा आधी! मारून टाकता का त्याले?"

"मी तं सुधरवून राहिलो..."

"काय सुधरवता, कप्पाळ! हा घोंगल्याफोडा हाय, घोंगल्या म्हंजे गोगलगायी खाणारा. आमच्या तलावावर लहानपणापासून पाहून राहिली मी. त्याची चोच भातासाठी नाई, गोगलगायीसाठी हाय."

वहिनींनी घमेल्यात पाणी ओतून गोगलगायी सोडल्या. बराच वेळ काही नाही... मग पक्ष्यानं एक उचलली, शंखाच्या तोंडात चोचीचं टोक घातलं आणि मांस अलगद बाहेर ओढलं. शंख अख्खाच राहिला. मनोहर उकिडवा बसून बघत होता.

"अबे, ही फट तं डिझाइनच हाय!" तो ओरडला आणि स्वतःवरच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

पंख बरा होऊन पाखरू उडालं, पण मनोहर सुटीच्या दिवशी तळ्यावर जाऊन चोची बघू लागला. बगळ्याची भाल्यासारखी, बदकाची चाळणीसारखी. "जसं खाणं, तसं औजार," म्हणायचा. पुढं कारखान्यात एखादा नवा पोरगा रुळांमधली मुद्दाम ठेवलेली फट बुजवायला निघाला की तो दरडावायचा, "हात नको लावू, ते घोंगल्या हाय!" कारखान्याच्या सगळ्या शॉपमध्ये हाच शब्द रुळला.

तेरवीनंतर परवा त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, फट राहायची. रवी म्हणाला, "काका, पापांनी सगळ्या दुनियेचं ठीक केलं, बस ये खिडकी छोड दी." खिडकीचे स्क्रू कसायला मी पेचकस मागितला. चला, मित्राचं एवढं तरी काम करू.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हे रात्री सेकंड शिफ्टवरून आले का त्या फटीतूनच हाक मारत, 'लीले, दार उघड.' कडी वाजवली तं पोरं उठतीन म्हणून..." वहिनींनी फटीवर बोट ठेवलं. "ते घोंगल्या हाय."

मी पेचकस रवीला परत दिला.