सोळावं पान

पुण्याच्या कॉलेजातली माझी हातातोंडाशी आलेली नोकरी एका पानामुळे गेली. तेही मंगळागौरीला वाहिलेलं पान, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार!

तेव्हा मी सोलापुरात एका शाळेत शास्त्र शिकवत असे. बार्शीपलीकडच्या डोंगरातून मी एक जमिनीत उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, कुंडीत आणून लावली होती. मोठं विक्षिप्त रोप! वळवाचा पाऊस पडला की वाटाण्याएवढ्या कंदातून नुसता एक दांडा वर येई, त्याला जांभळट ओठाची, मान खाली घातलेली दोन फुलं लागत, आणि पानाचा पत्ता नसे. फुलं सुकून गेली की मग एकच पान उगवे. गोल, मखमली, नुकत्याच घातलेल्या निऱ्यांसारखं चुण्यांचं आणि मातीला चिकटून पसरलेलं. वर्षाला एक पान. दुसरं नाही.

हे फूल आणि हे पान एकाच रोपाचं, असं मी पुण्याच्या एका प्रोफेसरसाहेबांना ठासून कळवलं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा रिकामी होती. "येऊन पाहतो," असं त्यांचं उत्तर आलं, आणि ते नेमके श्रावणातल्या मंगळवारी आले. त्याच दिवशी आमच्या यमुनेची, म्हणजे माझ्या नव्याकोऱ्या बायकोची, पहिली मंगळागौर होती.

पूजेला सोळा झाडांची पत्री लागते. ती आणायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं होतं. (शास्त्राचा मास्तर घरात असताना माळणीला कशाला विचारायचं?) आणली पंधराच. सकाळी मी आरशासमोर मिशीला आकार देत होतो. यमुना दाराआडून म्हणाली, "अहो, एक पत्री कमी पडतीय. कुंडीतलं पान घेऊ का?"

माझं सगळं लक्ष मिशीत. "घे की," मी उदारपणे म्हणालो, "एका पानानं काय होतंय?"

तासाभरानं प्रोफेसरसाहेब आले. वरचं सगळं वर्णन मी त्यांना हातवारे करून ऐकवलं आणि "पाहा!" म्हणून कुंडी पुढे केली. कुंडीत माती होती.

मी माजघराकडे धावलो. पान गौरीसमोर पत्रीच्या ढिगावर दिमाखात बसलं होतं. मी हात पुढे केला, तशी माझ्या आत्यानं पळी उगारली. एकदा वाहिलेलं पान उत्तरपूजेआधी हलवायचं नाही, असं तिनं बजावलं. शेवटी प्रोफेसरच दारात गुडघे टेकून, चष्मा सावरत लांबून पान न्याहाळू लागले. (केवढा भाविक माणूस, असं आत्या नंतर आठवडाभर सांगत होती.)

"हे तोडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"बायकांना काय कळतंय, साहेब," मी बेधडक ठोकून दिलं. "न विचारता तोडलं असणार."

आत्याला हे झोंबलं. "कुणी सांगितलं गं तोडायला?" तिनं यमुनेला विचारलं. यमुनेनं माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? जमलेल्या बायका लगेच म्हणाल्या, "मग उखाण्यात सांग की!"

यमुनेनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"मंगळागौरीला वाहिली सोळा झाडांची पानं,
शेवटचं तोडलं मी गोविंदरावांच्या आज्ञेनं."

बायका हसून लोळल्या. प्रोफेसर मात्र गंभीरपणे उठले. "रोप खरंच एक आहे, गोविंदराव," ते म्हणाले. "पण मला जे घडलं ते तसंच सांगणारं माणूस हवंय. तुमच्या मंडळी मॅट्रिक झाल्या आहेत का?"

सुदैवानं ती चौथीपर्यंतच शिकली होती. नाहीतर त्या संध्याकाळी पुण्याच्या गाडीत तिची ट्रंक मलाच चढवावी लागली असती!