देवापुढच्या गोळ्या

माझ्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. चिखलीच्या आमच्या दोन खोल्यांत पंखा बंद केला की तिची टिकटिक ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी गोळी आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. त्या तपासणीवरून गोळी कधी अर्धी, कधी पाऊण. सात वर्षांत मी या सगळ्याला विटले. एका संकष्टीला गणपतीला म्हटलं, "आता तूच सांभाळ." त्या दिवसापासून गोळी तोंडात न टाकता देवापुढच्या डबीत टाकू लागले. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला नवरा विचारायचा, तर "घेतली" म्हणायचे. देवासमोर धडधडीत खोटं बोलत होते आणि त्याला भक्ती समजत होते. महिना संपत आला तशी टिकटिक मंदावली. मला वाटलं, देवाने ऐकलं.

पुढच्या संकष्टीला आकुर्डीच्या देवळात गेले, तर चार पायऱ्यांतच धाप लागली. खांबाला टेकून बसले. शेजारी बसलेल्या नऊवारीतल्या म्हातारीने पाणी दिलं, काय होतंय विचारलं. झडपेचं सांगता सांगता, का कोण जाणे, डबीचंही सांगून टाकलं. तिने भर देवळात माझ्या छातीला कान लावला.

"आवाज न्हाई येत," ती म्हणाली. "माज्या लेकीच्या छातीत बी हेच व्हतं. तिनं बी गोळ्या सोडल्या. आवाज दबला तवा आमी म्हनलो, बरं झालं, पोरीला आराम पडला. तिसऱ्या दिशी गेली. ऊठ, दवाखान्यात चल."

रिक्षात तिने माझा हात सोडला नाही. झडपेवर गुठळी धरलीच होती. औषधाने ती विरघळवताना एक कण मेंदूत गेला, आणि उजवा हात अजून उठत नाही. नवरा धावत आला तोवर म्हातारी निघून गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

तिला देवानेच पाठवलं, असं मी मानते. मग तिच्या लेकीकडे कोणाला का नाही पाठवलं, हेही त्याला विचारते, रागाने विचारते. त्याच्या पायाशी ठेवायचा होता तो माझा हट्ट, गोळी नव्हे, एवढं मात्र कळलं.

आजही संध्याकाळी गोळी आधी गणपतीपुढे ठेवते. डावा हात देवाला चालत नाही म्हणतात. माझ्याकडे तोच उरलाय. मग ती प्रसाद म्हणून घेते, पंखा बंद करते, आणि टिकटिक ऐकू आली की त्या न पाहिलेल्या मुलीसाठी थोडा वेळ तशीच बसून राहते.